कुंडीतल्या लिंबाची पानं वारंवार पिवळी पडतायत? खत घालण्याआधी हे क्रमाने तपासा

गच्चीवर किंवा बाल्कनीत कागदी लिंबू लावलेल्या जवळजवळ प्रत्येकाला ही तक्रार कधी ना कधी असते. पानं पिवळी पडली की खत घालायचं, महिनाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. आमच्या सोसायटीतली आणि ओळखीपाळखीतली अशी बरीच झाडं माझ्याकडे येतात, आणि बहुतेक वेळा कुंडीत खत पुरेसं असतं. झाडाला ते घेता येत नसतं, एवढंच. कारण मुळांत, पाण्यात किंवा मातीच्या सामूत (पीएचमध्ये, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्क आहे ते सांगणाऱ्या आकड्यात) असतं. म्हणून खताची बाटली या यादीत खूप खाली आहे. कढीपत्त्यालाही यातलं जवळपास सगळं लागू पडतं. तो लिंबाच्याच कुळातला आहे.

आधी लक्षणं नीट पाहा

सकाळच्या उजेडात पान हातात धरा आणि एकच प्रश्न विचारा: पिवळी पडलेली पानं जुनी आहेत की नवी? नत्र (नायट्रोजन), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्या पालवीकडे नेऊ शकतं, त्यामुळे ते कमी पडले की आधी खालची, जुनी पानं उतरतात. लोह, जस्त, कॅल्शियम एकदा पानात बसले की फारसे हलत नाहीत, म्हणून त्यांची कमतरता शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते. एवढं लक्षात आलं तरी अर्धं निदान झालं.

- जुनी पानं सरसकट फिकट, शिरांसकट पिवळी, वाढ खुंटलेली: नत्र कमी.
- जुन्या पानाच्या दोन्ही बाजूंनी पिवळेपणा, पण देठापाशी हिरवा त्रिकोण शिल्लक आणि त्याचं टोक पानाच्या शेंड्याकडे: मॅग्नेशियम. लिंबावर ही खूण इतकी स्पष्ट असते की एकदा पाहिली की विसरत नाही.
- नवी पानं पिवळी, शिरांची जाळी मात्र हिरवीगार: लोह. फार वाढलं की पान जवळपास पांढरट होतं.
- नवी पानं बारीक, अरुंद, शिरांच्या मध्ये पिवळे चट्टे, पेरं आखूड झाल्याने शेंड्याला पानांचा झुबका: जस्त.
- पानांची टोकं आणि कडा करपलेल्या, मातीवर किंवा कुंडीच्या बाहेरून पांढरा थर: क्षार साचलेत.
- पानं पिवळी, मलूल, बोट लागलं तरी गळतात आणि माती ओली: मुळं गुदमरलीत.
- पिवळेपणा मधल्या शिरेच्या एका बाजूला वेगळा आणि दुसऱ्या बाजूला वेगळा, ठिगळ लावल्यासारखा: थांबा, थेट शेवटचा भाग वाचा.

लोह आणि जस्त बहुधा जोडीने कमी होतात, त्यामुळे खुणा एकमेकांत मिसळलेल्या दिसल्या तर गोंधळू नका. दोन्हींचं मूळ कारण बरेचदा एकच असतं.

आणि हेही सांगायला हवं: आंबिया बहाराच्या सुमाराला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, नवी पालवी आणि फुलं येताना आतली चारदोन जुनी पानं पिवळी होऊन गळाली तर काहीही करू नका. झाड त्यांच्यातलं नत्र वर नेतंय. पुण्या-नाशिकच्या थंडीत माती गार पडली की मुळांचं काम मंदावतं आणि पालवी थोडी फिकट येते; ऊन तापलं की ती आपोआप सुधारते.

१. पान उलटून पाहा (फुकट)

फांदीखाली पांढरा कागद धरा आणि फांदी हलकेच झटका. बारीक लांबट किडे सरकताना दिसले तर ते फुलकिडे. पानाच्या मागे बारीक ठिपके आणि झिरझिरीत जाळं असेल तर ती कोळी नावाची रस शोषणारी कीड. कोवळ्या शेंड्यांवर पिवळसर, चपटी पिल्लं आणि त्यांच्या अंगातून निघणारे पांढरे मेणचट धागे दिसले तर ती सायला कीड. पानावर वेड्यावाकड्या चंदेरी रेषा ही नागअळी.

ही तपासणी पहिली का? रस शोषणाऱ्या किडींमुळे पडणारा पिवळेपणा आणि अन्नद्रव्यांची कमतरता लांबून सारखीच दिसतात, आणि किडलेल्या झाडाला नत्र दिलं की ते आणखी लुसलुशीत पालवी काढतं, म्हणजे किडीला मेजवानी. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या मागून मारा, नंतर लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा. लिंबाशेजारी कढीपत्ता असेल तर तोही तपासा, कारण सायला दोघांवर वाढते आणि एकावरून हटवली तर दुसऱ्यावरून परत येते.

२. पाणी आणि निचरा (फुकट)

सगळ्यात जास्त झाडं इथेच सापडतात, त्यामुळे इथे घाई करू नका.

बोट दोन पेरं मातीत घाला. वरची माती कोरडी दिसते आणि आत चिखल असतो, हे कोकोपीट जास्त असलेल्या कुंडीत नेहमीचं आहे. मग तांब्याभर पाणी ओता आणि खाली पाहा. मिनिटा-दोन मिनिटांत तळाच्या भोकातून पाणी ठिबकायला हवं. नाही ठिबकलं तर कुंडी आडवी करून भोकं पाहा. मातीच्या गाळाने किंवा मुळांच्या गुंत्याने ती बुजलेली असतात. लोखंडी सळी किंवा जुना स्क्रूड्रायव्हर घालून मोकळी करा. कुंडी थेट फरशीवर टेकलेली असेल तर तीन विटांच्या तुकड्यांवर उचला. खाली बशी असेल तर काढून टाका. पावसाळ्यात तर हे हवंच, कारण चार दिवसांची झड लागली की बशी भरलेलीच राहते.

हे का महत्त्वाचं? मुळांना अन्न ओढून घ्यायला प्राणवायू लागतो. माती सतत ओली राहिली की तिच्यातली हवा संपते, मुळांची टोकं मरतात आणि मातीत लोह, नत्र सगळं असूनही पान पिवळं पडतं. अशा झाडाला खत घालणं म्हणजे जखमी मुळांवर क्षार ओतणं. माती उकरून वास घ्या. ओल्या मातीचा चांगला वास आला तर ठीक. कुबट किंवा नासक्या अंड्यासारखा वास आला तर थेट सातव्या पायरीवर जा.

याच्या उलटही घडतं आणि ते लोकांच्या लक्षात येत नाही. शेतातून आणलेली काळी माती कुंडीत भरली असेल तर ती वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग रोज पाणी घातलं तरी ते त्या फटीतून सरळ खाली जातं. भोकातून पाणी येतं, आपल्याला समाधान वाटतं, आणि मधला मुळांचा गोळा कोरडा ठणठणीत राहतो. कुंडी उचलून पाहा. पाणी घातल्यावरही हलकी लागली तर हेच झालंय. टबात पाणी भरून कुंडी अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की काढा आणि पूर्ण निथळू द्या.

३. कुंडीत काय काय घातलंय ते आठवा (फुकट)

प्रेमापोटी घातलेल्या गोष्टीच पुष्कळदा नडतात. चुलीची किंवा होमाची राख आणि चुना मातीचा सामू वर नेतात, आणि सामू वर गेला की लोह-जस्त अडतं. लिंबाच्या कुंडीत राख नकोच. अंड्याची टरफलं सावकाश विरतात, त्यामुळे मूठभराने बिघडत नाही, पण वर्षानुवर्षं घालू नका. ताजं शेण मातीत कुजताना तापतं आणि मुळं भाजतात. भाजीपाल्याचा कच्चा कचरा किंवा लाकडाचा भुसा थेट मातीत मिसळला की तो कुजवणारे जिवाणू स्वतःसाठी नत्र वापरतात आणि झाडाची जुनी पानं फिकट पडतात. दुधाच्या चहाचा चोथा धुतल्याशिवाय घालू नका, बुरशी आणि मुंग्या होतात.

कुंडीच्या तळाशी काय आहे? निचऱ्यासाठी म्हणून बांधकामाचा राडारोडा घातला असेल, तर त्यातल्या सिमेंटमधून चुना झिरपत राहतो. नव्या सिमेंटच्या कुंडीचंही तेच.

४. साचलेले क्षार धुऊन काढा (फुकट, फक्त पाणी लागतं)

मातीवर पांढरा थर आणि पानांच्या करपलेल्या कडा असतील तर खत जास्त झालंय किंवा पाणी खारं आहे. वरचा इंचभर थर खरवडून टाका आणि कुंडीत मावेल त्याच्या दुप्पट पाणी सावकाश, थांबत थांबत ओता, ते तळातून वाहून जाऊ द्या. दुसऱ्या पायरीतला निचरा दुरुस्त झाल्याशिवाय हे करायचं नाही.

पाणी कुठलं वापरता तेही पाहा. आरओ यंत्राचं बाहेर टाकलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत झाडांना घालतात. भावना चांगली आहे, पण मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट होऊन आलेले असतात. ते फरशी पुसायला वापरा. सोसायटीत मिठावर चालणारा सॉफ्टनर असेल तर तो पाण्यातलं कॅल्शियम काढून सोडियम घालतो. असं पाणी अंगाला मऊ लागतं, पण सोडियममुळे मातीची रचना बिघडते आणि मुळांना त्रास होतो. सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी झाडांना मिळतं का, ते प्लंबरला विचारा.

५. सामू तपासा (स्वस्त)

इथून थोडे पैसे लागतात. पीएचच्या कागदी पट्ट्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात. मातीत खुपसायचे स्वस्त दोन काट्यांचे मीटर घेऊ नका. त्यांचा आकडा भरवशाचा नसतो.

चार इंच खोलवरची माती काढून वाळवा. एक भाग माती, अडीच भाग डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीत घालायचं चालतं) असं ढवळा, अर्धा तास ठेवा आणि वरच्या नितळ पाण्यात पट्टी बुडवा. सामू ६ ते ७ च्या मध्ये असेल तर उत्तम. ७.५ च्या वर असेल आणि नवी पानं पिवळी असतील तर चोर सापडला.

घरच्या घरी आणखी एक खूण मिळते: चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसलं तर मातीत मुक्त चुनखडी आहे.

याचं कारण जरा सविस्तर सांगते, कारण इथेच सगळी मेख आहे. देशावरची काळी माती बेसॉल्ट खडकापासून झालेली, आणि त्यात लोह भरपूर असतं. पण ही माती बहुतेक ठिकाणी विम्लधर्मी (अल्कधर्मी, म्हणजे सामू ७ च्या वर) आणि चुनखडीयुक्त असते, आणि अशा मातीत लोह न विरघळणाऱ्या रूपात जातं. मुळाशेजारी असूनही मुळाला ते उचलता येत नाही. वरून बोअरच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट दर पाण्यासोबत सामू पुन्हा वर ढकलतात. गीझरच्या कॉइलवर किंवा पाणी उकळायच्या भांड्यात पांढरी पुटं धरत असतील तर तेच पाणी कुंडीत जातंय. नर्सरीतल्या चांगल्या लाल मातीतलं झाड दोन वर्षं छान राहतं आणि तिसऱ्या वर्षी पिवळं पडायला लागतं, त्याचं कारण हेच.

कोकणात मात्र उलटं आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि तिथला पाऊस कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतो. तिथल्या कुंडीत लोहाची कमतरता क्वचित, हिरव्या त्रिकोणाची पानं जास्त. त्यामुळे पुण्याच्या मैत्रिणीचा उपाय सावंतवाडीत जसाच्या तसा करू नका.

सामू थोडा जास्त असेल आणि माती फसफसत नसेल, तर बारा इंची कुंडीला चहाचा एक चमचा गंधकाची भुकटी वरच्या मातीत मिसळा. जिवाणू त्याचं आम्ल करतात, याला काही महिने लागतात. माती फसफसत असेल तर गंधक वाया जाईल, कारण जितकं आम्ल तयार होईल तितकं चुनखडी खाऊन टाकेल. अशा वेळी माती बदलणं हाच उपाय. पाणी जड असेल तर बादलीत चिमूट-चिमूट सायट्रिक अ‍ॅसिड घालून ढवळा आणि पट्टीवर सामू साधारण ६ आला की थांबा. पावसाचं पाणी साठवता आलं तर त्याहून चांगलं काही नाही.

आंबट ताकाबद्दल नेहमी विचारलं जातं. कढीपत्त्याला ताक घालायची पद्धत जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे: ताकातलं आम्ल मुळांजवळ थोडा वेळ सामू खाली आणतं. दहापट पाण्यात मिसळून महिन्यातून एकदा द्या. पण चुनखडीच्या मातीवर आणि बोअरच्या पाण्यावर तेवढ्याने भागत नाही.

६. आता खत, आणि तेही एकच

मुळं ठीक, निचरा ठीक, सामू कळलेला, तरच इथे या.

लोहासाठी डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. ईडीटीए प्रकारचं चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं लोह) साधारण ६.५ च्या वरच्या सामूत टिकत नाही, त्यामुळे आपल्या देशावरच्या मातीत घातलं तर बरंचसं वाया जातं. ते फवारणीला ठीक. मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकार घ्या. महाग आहे, पण जास्त सामूतही काम करतो. पाण्यात टाकल्यावर लालभडक रंग येतो. बारा इंची कुंडीला २ ग्रॅम, पाण्यात विरघळवून, संध्याकाळी. स्वस्तात करायचं तर हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला ३ ग्रॅम आणि सायट्रिक अ‍ॅसिड १ ग्रॅम, ताजं बनवून लगेच फवारा. ठेवलं तर गंजाच्या रंगाचं होतं आणि निरुपयोगी ठरतं. फवारताना कुंडी फरशीवरून हलवा. हिराकशीचे तांबूस डाग टाइल्सवरून निघत नाहीत.

जस्ताची आणि लोहाची लक्षणं मिसळलेली असतील तर राज्यात मिळणारं सूक्ष्म अन्नद्रव्याचं ग्रेड २ मिश्रण पुड्यावरच्या प्रमाणात फवारा. ग्रेड १ जमिनीतून द्यायचं असतं, दुकानदार कधीकधी तेच हातात ठेवतो. मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट लिटरला ५ ग्रॅम, पंधरा दिवसांनी पुन्हा. केळीच्या सालींचं पाणी सतत घालत असाल तर ते आधी थांबवा, पालाश जास्त झालं की मॅग्नेशियमचं शोषण अडतं. नत्रासाठी दोन मुठी पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, किंवा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला १ ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी.

एका वेळी एकच बदल, आणि त्यानंतर तीन आठवडे थांबा. निकाल जुन्या पानांवर शोधू नका. फार पिवळी झालेली पानं बहुधा तशीच राहतात. पुढची पालवी कुठल्या रंगाची येते ते पाहा. चार गोष्टी एकदम घातल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही, आणि सहा महिन्यांनी त्रास परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

७. कुंडी रिकामी करून मुळं पाहणं (कष्टाचं)

हे शेवटी, कारण झाडाला धक्का बसतो. जून-जुलै किंवा फेब्रुवारीचा पूर्वार्ध चांगला; एप्रिल-मे मध्ये नको. पण कुबट वास येत असेल तर मुहूर्त पाहू नका.

निरोगी मूळ पांढरट किंवा पिवळसर आणि घट्ट असतं. सडलेलं मूळ तपकिरी असतं. चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघते आणि हातात बारीक दोरा उरतो. अशी मुळं स्वच्छ कात्रीने कापा. कुंडीच्या आकाराची गोल गोल फिरलेली मुळं असतील तर बाहेरचा थर दोन-तीन ठिकाणी उभा चिरा. नव्या मिश्रणात निम्मी लाल माती, पाव गांडूळखत आणि पाव धुतलेलं कोकोपीट किंवा जाडसर वाळू. कोकोपीट धुतल्याशिवाय वापरू नका, त्यात मीठ असू शकतं. लावताना कलमाचा सांधा मातीच्या वर राहिलाच पाहिजे. तो पुरला गेला की बुंध्याला डिंक्या (साल चिरून डिंक पाझरण्याचा रोग) लागायचा धोका वाढतो. मुळं जितकी कापली त्या मानाने वरच्या फांद्याही छाटा, आठ-दहा दिवस सावलीत ठेवा, आणि नवी पालवी दिसेपर्यंत खत बंद.

इथे थांबा आणि जाणकाराला दाखवा

बुंध्याची साल चिरून डिंक पाझरत असेल, तर तो बुरशीजन्य डिंक्या आहे आणि खताने बरा होणार नाही. मोरचूद-चुन्याची पेस्ट लावावी लागते, पण साल किती खरवडायची हे समोर पाहूनच ठरतं.

पानावर दोन बाजूंना असमान ठिगळं, फळ वाकडं आणि पिकतानाही एका टोकाला हिरवं राहणारं, फांद्या एकेक करून वाळणाऱ्या, अशी लक्षणं सायलाच्या मार्फत पसरणाऱ्या ग्रीनिंग रोगाची असू शकतात. तो जिवाणूजन्य आहे, त्यावर खात्रीचा इलाज नाही, आणि प्रयोगशाळेतल्या तपासणीशिवाय नुसतं पाहून तो ठरवू नये. तोपर्यंत त्या झाडाची फांदी, गुटी किंवा कलम कुणालाही देऊ नका.

गच्चीवरची वेगवेगळी झाडं एकाच सुमाराला करपायला लागली तर कुंड्यांशी खेळत बसू नका, पाणी तपासून घ्या. किडीसाठी शेतीतलं तीव्र कीटकनाशक बंद बाल्कनीत फवारायची वेळ आली असं वाटलं, तर तिथेही थांबा. याच झाडाचं लिंबू आपण वरणावर पिळतो.

विचारायचं कुणाला? जवळचं कृषी विज्ञान केंद्र, तालुक्याचं कृषी कार्यालय, किंवा राहुरी, अकोला, परभणी, दापोली या कृषी विद्यापीठांची आपल्या भागातली महाविद्यालयं. विदर्भात असाल तर नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. माती परीक्षणाला देताना सामू, क्षारता, मुक्त चुना, लोह आणि जस्त एवढं तपासून मागा. अर्धा किलो माती मधल्या खोलीवरून घ्या, सावलीत वाळवा, आणि खत घातल्यानंतर लगेचचा नमुना देऊ नका. सोबत पाण्याची वेगळी बाटली न्या. पानं दाखवायला न्यायची तर जुनी-नवी दोन्ही असलेली फांदी कापा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, म्हणजे सायला असली तर ती वाटेत दुसऱ्याच्या झाडावर जाणार नाही.